मान हलवणारीची खाट

उल्हासनगर, इस्पितळ
कार्तिक वद्य पंचमी, १९८८

गो सुंदरे,

मी मेलेली नाही. हे आधी लिहायला लावलं, कारण पंतांनी कागदाच्या माथ्यावर काहीतरी लांबलचक संस्कृत घातलं होतं, ते ऐकून मलाच वाटलं, मी गेले. खोडायला लावलं. आता मी बोलते तसंच लिहिताहेत.

पंत म्हणजे विष्णुपंत, विठ्ठलवाडीचे. कंपनीत मोठे हपिसर होते, आता रिटायर. त्यांची बायको समोरच्या खाटेवर दम्यानं आली आहे. तिला बोललं की धाप लागते, म्हणून पंतांचा जन्मात पहिल्यांदा बोलण्यात वर नंबर लागलाय. पण ऐकायला कुणी नाही. मी म्हटलं, पंत, हात रिकामा आहे ना, मग माझी जीभ चालवा.

कुंदा, हे तू वाचते आहेस ते मला ठाऊक आहे. खरवईत सातवी शिकलेली सून एकटी तूच. सासूला मोठ्यानं वाचून दाखव आणि मधले टोमणे गाळू नकोस. ती तोंड फिरवील. फिरवू दे. तोंड फिरतं, कान कुठं फिरतात?

सुंदरे, माझ्या नातवाच्या हळदीपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. पंतांना सगळं सांगावं लागलं, नाहीतर ते लिहिताना सारखे थांबतात. तू धवलारीण. अंबरनाथ काय, बदलापूर काय, गावागावांतून लग्नाचे धवले म्हणायला लोक तुला मानानं घेऊन जातात. आणि सख्ख्या बहिणीच्या दारात माझ्या लेकानं, हिंदुरावानं, लाऊडस्पीकर बांधून कॅसेट लावली. तू मांडवात आलीस, कॅसेट ऐकलीस, आणि हळदीचं बोट न लावता परत गेलीस. रागावलीस ते बरोबर. पण बाई, राग आणि लोणचं, मुरवायचं किती याला काही धरबंध?

आता माझं सांगते. संकष्टी होती. सकाळी गोळ्या घेतल्या, गणपतीला फूल वाहिलं, आणि चंद्राची वाट बघत बसले. दिवेलागणीला अंगाला दरदरून घाम सुटला. हात असे थरथरायला लागले की सूप नसताना मी पाखडत होते. हिंदुरावाला आपले बाबा समजून विचारलं, म्हशी आल्या का? तो घाबरला. म्हशी कधीच विकल्या, गोठ्याच्या जागेवर प्लॉट पाडलेत. त्यानं रिक्षात घातलं ते इथं आणलं. डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि माझ्या हातात साखरेचं पाणी सोडलं. गंमत बघ. सगळे मिळून माझ्या चहातली साखर काढतात, आणि इथं बाटलीनं देतात.

सकाळी डोळे उघडले तर पायथ्याशी एक बाई. सुती साडी, वर पांढरा कोट, गळ्यात नळी नाही. मला वाटलं विम्यावाली असेल, उशिरा आली बिचारी. तर म्हणाली, "आजी, मी पद्मजा. इस्पितळाची औषधं मी बघते. काल उपास होता का?"

सुंदरे, डॉक्टरनं विचारलं, नर्सनं विचारलं, रिक्षावाल्यानं विचारलं, काय खाल्लं. हिनं एकटीनं विचारलं, काय खाल्लं नाही. तिथंच मला ती आवडली.

मग म्हणाली, घरच्या गोळ्या दाखवा. हिंदुरावानं आणलेली पोटली तिनं खाटेवर सोडली. पांढरी उचलली. "ही कुणी दिली?"

"अंबरनाथच्या डॉक्टरनं."

गुलाबी उचलली. "आणि ही?"

"देवानं."

"देवाच्या पुडीवर बदलापूरच्या दुकानाचा शिक्का आहे, आजी."

मग सांगितलं. काय करणार? की खरवईचा दूधवाला नाथा महिन्या-महिन्याला किटलीच्या झाकणाखालून फडक्यात बांधलेली पुडी आणतो. नाव सांगत नाही. तू त्याला शपथ घातलीस. पण फडक्याची गाठ उलटी असते, आणि उलटी गाठ आपल्या घरात एकच डावरी मारते. माझी साखर वाढली असं तुझ्या कानावर गेलं, आणि तुला तुझ्या साखरेवरची, तुझ्या डॉक्टरची गोळी गुणाची वाटते. म्हणून बोलायचं नाही, पण गोळ्या पाठवायच्या. मी पण गुपचूप घेत होते. अंबरनाथची पण, तुझी पण. मनात म्हटलं, बहिणीची गोळी, ती काय बाधणार आहे?

पद्मजाबाई म्हणाल्या, "या दोन्ही गोळ्या एकच आहेत. रंग वेगळा, कंपनी वेगळी, नाव वेगळं. आत औषध तेच."

मी म्हटलं, "म्हणजे एक माहेरचं नाव, एक सासरचं."

"अगदी तसंच. तुम्ही एकाच सुनेला दोनदा माप ओलांडायला लावलंत. रोज दोन घास पोटात जात होते म्हणून निभावलं. उपासाच्या दिवशी पोट रिकामं, मग ती गोळी साखर ओढून ओढून कुठून ओढणार?"

हसली. मग हसणं थांबवून स्टुलावर बसली आणि हळू विचारलं, "आजी, तुमच्या बहिणीच्या वाटणीच्या गोळ्या तुमच्याकडे येतात. मग ती स्वतः काय घेते?"

सुंदरे, मी तिथल्या तिथं पंतांना हाक मारली, कागद काढा.

म्हणून हे पत्र. कुंदा, तिचा गोळ्यांचा डबा उघड. ती हात धरील, तरी उघड. आणि तिच्या पायाकडे बघ. दिवाळीत नाथा म्हणाला होता, मावशी लंगडतात. तेव्हा मी म्हटलं होतं, नाटकं.

रुसलेली राहा, सुंदरे. पण खरं रुसलेलं माणूस गोळ्या पाठवत नाही. तुझा रुसवा कच्चा आहे.

अंजनी, पालेगाव
(खाली अंगठा. पंतांनी शाई जास्त लावली आहे, मी एवढी जाडी नाही.)


उल्हासनगर, इस्पितळ
कार्तिक वद्य सप्तमी

गो सुंदरे,

नाथा निरोप घेऊन आला. तू म्हणालीस, "तिला सांग, माझं मी बघते, तिनं तिची खाट सांभाळावी." सांभाळते. खाट काही पळून जात नाही. पण कुंदानं हळूच वेगळा निरोप दिला: डब्यात गोळ्या फार शिल्लक आहेत, त्या पण मोडून अर्ध्या केलेल्या, तू रात्रंदिवस तांब्यानं पाणी पितेस, आणि डाव्या पायाच्या करंगळीला चिंधी बांधली आहेस, ती सोडू देत नाहीस.

कुंदावर चिडू नकोस. चिडलीस तर मला कळेल.

आता तुला पद्मजाबाईंचं सांगते, म्हणजे मी कुणाच्या भरवशावर बोलते ते समजेल. सिंधी शेटांच्या ट्रस्टचं हे इस्पितळ. खाली औषधांची खिडकी, तिथं दिवसभर जत्रा. दोन माणसं हाताखाली, आणि वर वॉर्डावॉर्डांत खाटाच खाटा. सगळ्यांकडे जायला तिला रामाचा वनवास पुरणार नाही. म्हणून ती सकाळी दारात उभी राहते, एकदा सगळीकडे नजर फिरवते, आणि मग ठरवते आधी कुणाकडे. पहिल्या खाटेपासून सुरुवात करत नाही. जी जास्त ओरडते तिच्यापासून तर नाहीच.

काल स्पेशल रूममधली एक शेठाणी घंटा वाजवून वाजवून थकली. तिचं खोकल्याचं औषध गोड नाही म्हणून. पद्मजाबाई म्हणाल्या, "आंटी, आ रही हूँ," आणि सरळ कोपऱ्यातल्या म्हातारीकडे गेल्या, जी कुणाला काही मागत नाही. मी विचारलं, ती का आधी?

म्हणाली, "आजी, त्यांची मूत्रपिंडं थकलेली आहेत. साधी दुखण्याची गोळीसुद्धा त्यांना जड जाईल. आणि त्या सगळ्याला मान हलवतात."

"मान हलवतात मग बरंच की. शहाणी बाई."

"नाही हो. समजलं का विचारलं, मान. दुखतं का विचारलं, मान. गोळी घेतली का, मान. मला सगळ्यांत जास्त भीती मान हलवणाऱ्या माणसाची. भांडणारं माणूस निदान काय घेत नाही ते तरी सांगतं."

सुंदरे, मी पन्नास माणसांच्या घरात सून म्हणून मान हलवून जगले. कुणाला त्याची भीती वाटावी, हे पहिल्यांदा ऐकलं.

आणखी कुणाकडे आधी जाते ते पण विचारलं. ज्याला दोन-तीन डॉक्टर आहेत आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. ज्याच्या पोटलीत रंगपंचमी आहे. ज्याला वाचता येत नाही. ज्याला घरी बघायला कुणी नाही. मी म्हटलं, थोडक्यात गोळ्या जास्त, अक्षर कमी आणि उपास कडक. ती खळखळून हसली आणि म्हणाली, हे मी भिंतीवर लिहून ठेवणार. मी सांगितलं, लिहून ठेवाल तर खाली माझं नाव घाला.

वाचता येत नाही त्यांना ती काय करते माहीत आहे? गोळी हातात देते आणि म्हणते, आता मी पेशंट, तुम्ही मला सांगा. मग मी तिला दरडावलं: "ए पोरी, ही सकाळची, दोन घास खाल्ल्याशिवाय तोंडाला लावायची नाही. उपास असेल तर आधी मला विचारायचं, देवाला नंतर. हातपाय थरथरले तर गूळ तोंडात टाकायचा आणि संकष्टी गेली खड्ड्यात." ती हात जोडून हो आजी, हो आजी करत होती. मी म्हटलं, मान काय हलवतेस, उलट सांग! सगळा वॉर्ड हसला. हसता हसता पंतांच्या बायकोला धाप लागली.

डॉक्टर चांगला आहे. तरुण आहे, दाढी राखलीय, पण ऐकतो. सकाळी येतो तेव्हा विचारतो, पद्मजाबाई, आज कुणापासून? दोघं उभ्याउभ्या बोलतात आणि मग त्याचं पेन चालतं.

आज त्यानं असंच विचारलं, आज कुणापासून?

ती म्हणाली, "आजची पहिली पेशंट कुठल्याच खाटेवर नाही. खरवईला आहे."

कुंदाचा निरोप तिला मीच सांगितला होता. ती माझ्या खाटेवर टेकली आणि पंतांना म्हणाली, चिठ्ठी लिहा. तीच या पत्राबरोबर आहे. कुंदा, त्यात लिहिलंय तसं कर. चिंधी सोडून बघ, वास येतो का. जखमेच्या कडेला काळं आहे का. बोट लावलं तर तिला कळतं का. कळलं नाही तर दुखत नाही म्हणून आनंद मानू नकोस, तिथंच धोका आहे, असं बाई म्हणाल्या. आणि अर्ध्या केलेल्या गोळ्या मनानं दुप्पट करून देऊ नकोस. तिला घेऊन ये.

सुंदरे, ऐकलंस? तुझ्यासाठी एक शिकलेली बाई शेठाणीला थांबवते.

अंजनी
(अंगठा. आज शाई बेताची.)


उल्हासनगर, इस्पितळ
कार्तिक वद्य अष्टमी

गो सुंदरे,

वास येतो. कड काळी आहे. बोट लावलं तर तुला कळत नाही. आणि तरी तू म्हणतेस, "त्या वॉर्डात माझी थोरली बाय आहे. मी तिथं पाऊल टाकलं तर सगळी पंचक्रोशी म्हणेल, सुंदरा नमली."

हा निरोप सांगताना नाथा रडला. दूधवाल्याच्या डोळ्यांत पाणी, लोक काय म्हणतील?

मी रडले नाही. मला राग आला. हिंदुरावाला म्हटलं, जा, उचलून आण. पद्मजाबाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "उचलून आणाल, पण त्या इथं गोळ्या गादीखाली सरकवतील. मनानं आल्या पाहिजेत. त्यांना कशाची भीती आहे?"

म्हटलं, "पायाची नाही. माझी आहे. माझ्यापुढे हरायची."

"मग हरावं लागणार नाही असं काहीतरी करा. तुम्ही थोरल्या आहात."

म्हणून करते. पंत साक्षीला आहेत, आणि ते हपिसर होते, त्यांच्या सहीला किंमत आहे.

तू इथं आलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तू पण बोलू नकोस. मी तोंड भिंतीकडे करून पडेन. तू आलीस ती पद्मजाबाईंनी बोलावलं म्हणून, अंजनीनं बोलावलं म्हणून नाही. कुणी म्हणालं की सुंदरा नमली, तर मी घरी गेल्यावर त्याच्या दारात जाऊन त्याची सात पिढ्यांची गाणी म्हणेन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे, कॅसेट परवडली. रुसवा घरी ठेवून ये असं मी म्हणतच नाही. रुसवा घेऊन ये. फक्त पाय पण घेऊन ये.

माझ्या शेजारची खाट रिकामी झाली आहे. सिस्टर तिथं दुसरी बाई आणत होती. पद्मजाबाई डॉक्टरांना म्हणाल्या, ही खाट थोडी राखून ठेवा. डॉक्टर म्हणाले, कुणासाठी? म्हणाल्या, जी अजून आली नाही तिच्यासाठी. त्यानं दाढी खाजवली. "तुम्ही आता रिकाम्या खाटेचीसुद्धा राउंड घेता का?" ही म्हणाली, "तिचीच आधी."

रिकामी खाट किती वेळ ठेवतील? माणसं दारात उभी असतात. मी तिच्यावर माझं लुगडं वाळत घातलंय, म्हणजे भरलेली दिसेल.

सुंदरे, आईनं जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता. पाय दिला नव्हता, हे खरं. पण हात पायाला जोडलेला असतो.

अंजनी
(अंगठा.)


उल्हासनगर, इस्पितळ
कार्तिक वद्य दशमी

गो सुंदरे,

पंत विचारताहेत, "अहो, बहीण शेजारच्या खाटेवर आहे, तुमचा शब्दन् शब्द ऐकते आहे, मग मी लिहू कशाला?" मी म्हटलं, लिहा. बोलायचं नाही असा करार आहे. पत्र म्हणजे बोलणं नव्हे.

माझं तोंड भिंतीकडे आहे. शब्द पाळते. या भिंतीचा रंग कुठं कुठं निघालाय ते मला आता पाठ आहे.

काल तुला हिंदुरावानं रिक्षातून आणलं. वाटभर तू त्याला शिव्या घातल्यास असं तो सांगतो, आणि सांगताना त्याचं तोंड हसरं होतं. आल्या आल्या जखम धुतली. डॉक्टर म्हणाले, करंगळी जाईल, पाय राहील. अजून उशीर केला असता तर हिशेब उलटा होता. करंगळीचं काय एवढं? जोडवं तिथं घालत नाहीत.

आज सकाळी पद्मजाबाई दारात उभ्या राहिल्या. शेठाणीची घंटा चालू होती, कोपऱ्यातली म्हातारी कण्हत होती, पंतांच्या बायकोचं नवं औषध आलं होतं. त्यांनी नजर फिरवली आणि सरळ तुझ्याकडे आल्या. मी भिंतीकडे बघत होते, पण त्यांच्या चपलेचा आवाज ओळखते. बरं वाटलं. म्हणजे भीती वाटली, आणि मग बरं वाटलं.

त्यांनी सांगितलं, आता गोळी बंद, सुई. सुई टोचली की जेवलंच पाहिजे. "समजलं ना, सुंदराबाई?"

तू बोलली नाहीस. मी भिंतीकडे होते, पण मला कळलं तू काय केलंस. तू मान हलवलीस.

"उद्या एकादशी. उपास नाही ना?"

परत मान.

बाईंना दुसऱ्या वॉर्डातून हाक आली. जाताना म्हणाल्या, संध्याकाळी परत येते. पण मला त्यांच्या आवाजात कळलं, त्या तुझ्या मानेवर नाराज आहेत.

आता ऐक. तुझी ती मान मी परकरी असल्यापासून ओळखते. चिंचा खाल्ल्या का, म्हणून आईनं विचारलं की अशीच हलायची, आणि ओच्यात चिंचा. तुझी एकादशी निर्जळी असते. उद्या तू सुई घेणार, ताट खाटेखाली सरकवणार, पाणी पण पिणार नाहीस, आणि दुपारपर्यंत म्हशी शोधायला लागशील. मी गेले होते तिथं. घामानं भिजून, आपल्याच लेकाला न ओळखता. मला परत आणायला रिक्षा आणि देव दोन्ही लागले. तुझ्या नशिबात देव उपासाच्या घाईत असला तर?

करार मोडला तर मोडला. आता तुझ्याशीच बोलते. गो सुंदरे, खाशील ना—

थांबा पंत. ती काहीतरी म्हणते आहे. माझ्याशी नाही, तुमच्याशी. लिहा, तिचं पण लिहा.

(इथून सुंदराबाईंचे शब्द. — विष्णुपंत)

"हो पंत, लिहा. तिला लिहा की करार तिनं मोडला, मी नाही. आणि तिला लिहा की मला बोलायचं नाही. मी गाते. गाण्याचा करारात उल्लेख नव्हता."

(सुंदराबाईंनी वॉर्डात धवल्याच्या चालीवर पुढील ओळी म्हटल्या. खोलीतल्या सर्व स्त्रिया उठून बसल्या. — वि.)

खरवईची नवरी नाही गो, खरवईची बहीण आली,
पालेगावच्या बायनं गो, भिंतीकडं मान केली.
बहिणीची गोळी गोड गो, बहिणीचं तोंड कडू,
रुसव्याला घातलं झाकण गो, दुधाच्या किटलीत दडू.

"आता लिहा: हिंदुरावाच्या कॅसेटला दम लागत नाही, मला लागतो. कबूल. पण कॅसेट गोळ्या पाठवते का? विचारा तिला."

(अंजनीबाई: "नाही पाठवत." त्यांनी तोंड भिंतीकडून फिरवले आहे. — वि.)

"मग झालं. आणि त्या औषधवाल्या बाईला बोलवा. संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. सांगा, सुंदराची मघाची मान खोटी होती."

आता परत मी, अंजनी. पद्मजाबाई आल्या, पळत आल्या. सुंदरेनं मान हलवली नाही, तोंडानं सांगितलं: उद्या माझी एकादशी निर्जळी असते, पंचवीस वर्षं मोडली नाही, आणि सुई घेऊन ताट सरकवायचं मनात होतं. बाई रागावल्या नाहीत. खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "खरं सांगितलंत, आता मला काम करता येईल." मग डॉक्टरांशी बोलून आल्या. सुईचं माप आणि वेळ त्यांनी ठरवली. उद्या दूध, राजगिरा, शेंगदाणे, वेळेवर, आणि पाणी. देवाला हे चालतं का ते सुंदरेनं विचारलं. बाई म्हणाल्या, ते तुम्ही देवाला विचारा, पण दूध प्यायल्यावर.

सुंदरा म्हणाली, "बायनं आधी प्यायलं तर मी पिते."

मी म्हटलं, "माझी एकादशी कधीच नव्हती."

"तरी आधी तू."

आत्ताच एक कप दूध मागवलं, रंगीत तालीम म्हणून. मी एक घोट घेतला. कप तिच्याकडे दिला. तिनं डाव्या हातानं घेतला आणि तळ दाखवला. तोंड पुसलं आणि म्हणाली, बिनसाखरेचं आहे, म्हशीचं तर नक्कीच नाही.

पंत विचारतात, पत्ता काय घालू? पत्ता नको. वाचायला पण नको, दोघींनी ऐकलंय. पण कागद ठेवा. पद्मजाबाईंना द्या, त्या भिंतीवर काहीतरी लावणार होत्या ना.

अंजनी, पालेगाव
सुंदरा, खरवई

(खाली दोन अंगठे. सुंदरेनं तिचा मुद्दाम माझ्यावर ठेवलाय.)